अण्णांच्या टेपा ताब्यात घ्या : मराठवाड्यातील दोन्ही कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर
मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड

विषय : लातूर येथील एका दिवंगत टीव्ही कॅमेरामनच्या टेपा व नोंदवह्या विद्यापीठाने जतन करण्याबाबत

स. न. वि. वि.

लातुरातले एक टीव्ही कॅमेरामन मागच्या हिवाळ्यात वारले. पत्रकारांपासून चहाच्या टपरीवाल्यापर्यंत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून या पत्रातही मी त्यांना अण्णाच म्हणते. त्यांचं पूर्ण नाव मी लिहीत नाही, कारण घरच्यांना ते सध्या चारचौघांत नको आहे. विद्यापीठाकडून विचारणा झाली तर वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आणि त्यांचा मुलगा स्वतः बोलतील, तसं त्यांनी मला सांगितलं आहे. मी अण्णांबरोबर बरीच वर्षं बातमीदार म्हणून मराठवाडाभर फिरले.

त्यांच्या घराच्या माडीवर पत्र्याची एक खोली आहे. तिथं दोन लोखंडी कपाटं टेपांनी गच्च भरलेली आहेत. व्हीएचएस आहेत, थोड्या बीटाकॅम आहेत, सगळ्यात जास्त मिनी डीव्ही. वरच्या कप्प्यात वह्यांचा गठ्ठा. एप्रिल-मेमध्ये ती खोली किती तापते हे मी पाहिलंय, आणि पावसाळ्यात तिथल्या भिंतीला ओल येते तीही पाहिलीय. टेपेला या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. तुम्ही या टेपा आणि वह्या ताब्यात घ्याव्यात, त्यांच्या डिजिटल प्रती कराव्यात आणि अभ्यासकांसाठी त्या खुल्या ठेवाव्यात, ही माझी मागणी आहे. या टेपांत काय आहे हे कळायचं असेल तर त्या भरणारा माणूस थोडा माहीत असायला हवा, म्हणून पुढचं सविस्तर लिहिते.

अण्णांची सुरुवात लग्नाच्या शूटिंगपासून झाली. खांद्यावर एम-सेव्हन कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा आणि वायरचं भेंडोळं धरून चालणारं एक पोरगं, असा तो काळ. लातूर, औसा, निलंगा, उमरगा या भागातल्या किती घरांत त्यांनी काढलेल्या लग्नाच्या कॅसेटी असतील, सांगता येणार नाही. ते म्हणायचे की कॅमेरा धरायला मी मांडवात शिकलो. अक्षता एकदाच पडतात. भटजी मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं कधी उचलणार, मामा अंतरपाट कुठून खाली ओढणार, नवरीची आई त्या वेळी कुठल्या कोपऱ्यात उभी असणार, हे आधीच हेरून जागा धरावी लागते. पुढे बातमीच्या गर्दीत धक्काबुक्की चाललेली असताना अण्णा निवांत एका बाजूला उभे दिसायचे आणि नेमकं व्हिज्युअल त्यांच्याकडेच निघायचं, त्याचं मूळ मांडवात होतं.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली तेव्हा ते विशीतले होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकते कुठे आडवे झाले होते. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त केली, सुमारे दहा हजार माणसं गेली. अण्णा मोटारसायकलवरून लग्नाचाच कॅमेरा घेऊन तिकडे गेले. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नसत आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. पण त्या टेपा त्यांनी मला एकदा दाखवल्या होत्या.

तुमच्याकडे स्थापत्य शिकवणारे प्राध्यापक असतील, त्यांनी ही टेप जरूर पाहावी. अण्णांनी पडलेल्या घरांचं जे चित्रण केलंय ते सावकाश आणि पद्धतशीर आहे. एका घरात लाकडी खण, म्हणजे खांबांची चौकट, अजून उभा आहे, तुळया जागेवर आहेत, आणि भोवतीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती तेवढ्या आत-बाहेर कोसळल्यात. शेजारच्या घरात छतावरची धाब्याची माती सगळी खाली आलीय, आणि माणसं तिच्याखाली गेलीत. कॅमेरा भिंतीच्या मोडलेल्या कडेवर थांबतो, तिथला दगड किती ओबडधोबड आहे, मधे चिखलमातीशिवाय काही नाही, हे दिसतं. विशीतल्या लग्नाच्या कॅमेरामनला हे पाहायचं कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घर कामून पडलं ते दिसायला पायजे की, ताई. नुसतं पडलेलं दाखवून काय व्हतंय?"

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक ३० सप्टेंबरला ते त्या भागात जात. जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, ओळीत घरं. अण्णांनी तिथली तीच ती घरं वर्षानुवर्षं टिपली. कुणी सिमेंटच्या घरापुढं पत्र्याचं शेड काढून तिथंच चूल मांडली, कुणी बैलासाठी जागा नाही म्हणून अंगणातच खुंटा ठोकला, कुठं जुन्या गल्लीतले शेजारी नव्या गावात दूर-दूर गेले आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे जायला अर्धा गाव तुडवू लागल्या. त्या बोलतात, अण्णा ऐकतात. वाहिनीला वर्षश्राद्धाची दोन मिनिटांची बातमी पुरे असायची. टेपेवर तासभर असायचं.

या पत्राचा गाभा तोच आहे. बातमीत जे दिसलं ते तुटपुंजं आणि कपाटात जे राहिलं ते अस्सल.

उपग्रह वाहिन्या आल्या, मग २००७ च्या आगेमागे चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी स्ट्रिंगर नावाची जमात तयार झाली. पगार नाही, नेमणुकीचा कागद नाही, स्टोरी लागली तर स्टोरीमागे पैसे. अण्णांनी सोनीचा पीडी-१७० कॅमेरा घेतला तो वहिनींचे दागिने ठेवून. सुरुवातीच्या वर्षांत टेप मुंबईला पोचवणं हेच अर्धं काम असायचं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट द्यायचं, गाडी नंबर ऑफिसला कळवायचा, नाहीतर परभणी गाठून देवगिरी एक्स्प्रेसनं जाणारं ओळखीचं माणूस शोधायचं. त्यातही अण्णांचा एक शिरस्ता होता. मुंबईला पाठवायची टेप ही कॉपी. मूळ टेप घरी. या दुप्पट टेपांचा खर्च त्यांनी कायम स्वतःच्या खिशातून केला, आणि घरात त्यावरून कुरबुरी झालेल्या मी ऐकल्यात. त्या हट्टामुळे आज हे कपाट आहे.

अण्णांची खरी आवड म्हणाल तर आवाज. कॅमेरामनबद्दल हे लिहिताना विचित्र वाटेल, पण त्यांच्याबरोबर गेलेला कुणीही हेच सांगेल. गावात पोचलं की आम्ही बातमीदार बाइटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलायला, माणूस शोधायला लागायचो आणि अण्णा स्टँड लावून, हेडफोन कानाला लावून, काहीही न करता उभे राहायचे. मोटेचं चाक आता कुठं उरलेलं नाही, पण सामाईक हातपंपाचा दांडा खाली-वर होताना जो कण्हतो तो त्यांच्याकडे कोरडा आणि पाण्याचा असा दोन्ही आहे. ऊसतोडीला निघालेल्या बीडच्या गाड्यांवर भांडी बांधलेली असतात, ती खडखडतात. पहाटे थळावर कोयत्यांचा सपसप आवाज येतो. तुळजापुरात नवरात्रात संबळ वाजतो तेव्हा देवळाच्या दगडी आवारात तो कसा घुमतो, आणि येरमाळ्याच्या यात्रेत मोकळ्या रानात तोच संबळ किती वेगळा ऐकू येतो. ते मला थांबवायचे. "बोलू लालेत त्येंला बोलू द्या. तुमचा प्रश्न मग."

लोककलावंतांवर त्यांचा विशेष जीव. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, तमाशाचे फड, वाघ्या-मुरळी. वाहिन्यांना दरवर्षी घोड्याची किंमत हवी असते. अण्णा ते अर्ध्या तासात उरकायचे आणि मग पालांकडे जायचे. जागरणाची पूर्ण रात्र त्यांनी टेपा बदलत बदलत चित्रित केलीय. गोंधळ्यांच्या एका कुटुंबाकडून त्यांच्या आख्यानांची यादी लिहून घेतलीय आणि त्यातली जमतील तेवढी टिपलीयत. वासुदेव, पोतराज, बहुरूपी, नंदीबैलवाले, कडकलक्ष्मी, नाथषष्ठीला पैठणला आलेल्या दिंड्यांतली भारुडं. यातल्या काही माणसांचा मागमूस आता उरलेला नाही, त्यांच्या पोरांनी ते काम सोडलं, आणि सोडलं ते बरंच केलं असंही अण्णा म्हणायचे, कारण त्या कलेमागचं दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिलं होतं. तरी गाणं राहायला हवं, यावर ते ठाम होते. तुमच्या मराठी विभागांत लोकसाहित्य शिकवलं जातं. छापलेल्या गोंधळगीतापेक्षा गाणाऱ्याची चाल, थांबे, मधेच दिलेली शिवी, श्रोत्याचं 'जी जी' हे सगळं ज्यात आहे असा ऐवज विद्यार्थ्यांना कुठून मिळणार?

दुसरा नाद बारवांचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींचा. परभणी जिल्ह्यात सेलूजवळ वालूरला चक्राकार बारव आहे. गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची ती रचना आता पुष्कळांना माहीत झालीय. अण्णांनी ती गाळानं आणि झुडपांनी भरलेली असतानाही चित्रित केली आणि साफ झाल्यावरही. अशा लहानमोठ्या बारवा त्यांनी गावोगाव टिपल्या. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, शक्यतो एकाच जागी उभं राहून. पाणी कुठल्या पायरीला आहे ते वहीत लिहिलेलं. भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांना हे आकडे कमी वाटतील, पण त्या पायरीच्या बाजूला घागरी घेऊन थांबलेल्या बायकाही त्या चौकटीत आहेत, आणि त्यांची रांग कुठल्या साली किती लांब होती हे दिसतंय.

एप्रिल २०१६ ची पाण्याची रेल्वे तुम्हाला आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, आणि मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून पाण्याच्या वाघिणी, म्हणजे रेल्वेच्या टाक्या, आल्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभरातले कॅमेरे स्टेशनवर इंजिनाकडे रोखलेले. अण्णांनी ते व्हिज्युअल घेतलं, पाठवलं, आणि मग ते गाडीच्या शेपटाकडे चालत गेले. वाघिणीला पाइप जोडणारे कामगार, सांध्यातून गळणारं पाणी, ते पाणी जवळच्या विहिरीत उतरवलं जाताना काठावर उभे राहिलेले लोक. ती रेल्वे पुढे काही महिने येत राहिली आणि बाहेरचे कॅमेरे केव्हाच निघून गेले. अण्णा मात्र शहरातल्या एकाच गल्लीत अधूनमधून जात राहिले. टँकर किती दिवसांनी येतो, ड्रमला कुलूप कोण लावतं, पाहुणे येणार म्हटल्यावर घरात काय बोलणं होतं, परीक्षेच्या दिवसांत मुली पाण्यासाठी रात्री किती वाजता उठतात. दुष्काळ घरात कसा राहतो हे समजून घ्यायला माझ्या माहितीत याहून चांगलं चित्रण नाही.

दुष्काळावरून आणखी एक गोष्ट सांगते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी औरंगाबाद भागातल्या उपासमारीनं खंगलेल्या माणसांची छायाचित्रं काढली. ती ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेली आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांची हाडं कशी दिसत होती ते आज लंडनमध्ये पाहता येतं. सव्वाशे वर्षांनंतर आपल्याकडे विद्यापीठं आहेत, पत्रकारितेचे विभाग आहेत, आणि २०१६ चा दुष्काळ एका पत्र्याच्या खोलीत आहे.

अण्णांनी माणसांच्या मुलाखतीही साठवल्या. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची बातमी ठरलेली असते, झेंडा, भाषण, एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचा पंधरा सेकंदांचा बाइट. अण्णा आदल्या आठवड्यातच त्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसायचे. सरहद्दीवरचे कॅम्प, रझाकारांच्या धाडी, रात्रीतून गाव सोडणं, स्वामीजींचं पहिलं दर्शन, तुरुंगातलं जेवण, उमरीची बँक लुटल्याची हकिकत. बायकांना ते आवर्जून वेगळं बसवून बोलतं करत, कारण नवऱ्यासमोर त्या बोलत नसत. भाकरी बांधून देणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या या बायकांची नावं सन्मानपत्रांच्या यादीत नाहीत. त्यातलं आता फारसं कुणी हयात नाही. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाला या टेपांचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठ गेटवर जनसागर लोटतो. अण्णांना त्या दिवसाचं फार होतं. ते स्टेजकडे पाठ करून उभे राहत. पुस्तकांच्या स्टॉलवर वाकलेली माणसं, नातवाला गेटची कमान दाखवणारी आजी, नामांतराच्या मागणीसाठी निघालेल्या १९७९ च्या लाँग मार्चमध्ये चाललो होतो म्हणून सांगणारे लोक, शाहिरांच्या पार्ट्या, आदल्या रात्रीच येऊन मैदानात झोपलेली कुटुंबं. एक आजी कॅमेऱ्याकडे बघत गेटच्या पायरीला हात लावते आणि तो हात कपाळाला लावते. तुमच्याच दारातला हा इतिहास तुमच्या ग्रंथालयात असायला हवा.

आता वह्यांबद्दल, कारण माझ्या मते टेपांइतक्याच त्या मोलाच्या आहेत. प्रत्येक टेपेवर क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकापुढं तारीख, गाव, तालुका, काय आहे, कोण बोललं, त्याचं नाव-आडनाव, कितव्या मिनिटाला. नाव विचारल्याशिवाय अण्णा कुणाचा बाइट घेत नसत. 'एक शेतकरी', 'एक महिला' असं त्यांच्या वहीत कुठंही सापडणार नाही. फुटेजचे ढीग पुष्कळांकडे असतात. कोण, कुठला, कधीचा हे माहीत नसेल तर ते बिनकामाचे होतात.

वहीत काही टेपांपुढं लाल शाईत 'बंद' लिहिलेलं आहे. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या, भूकंपातल्या सामूहिक चितांच्या, अत्याचाराच्या घटनांतल्या या टेपा. आत्महत्येच्या बातमीला गेल्यावर ऑफिसमधून फोन यायचा, बायको रडतानाचा क्लोज-अप हवा. अण्णा तो देत नसत. ते घराचं दार, दावणीची मोकळी जागा, भिंतीवर खडूनं लिहिलेला हिशेब देत. काही वेळा कुटुंबानंच त्यांना बसवून सगळं सांगितलं, कर्ज कुणाचं, किती, विहिरीला पाणी कधी लागलं आणि कधी आटलं. ते त्यांनी विश्वासानं सांगितलं होतं आणि अण्णांनी ते कुणालाच दिलं नाही. स्टोऱ्या हातच्या गेल्या, एका ठिकाणचं काम सुटलं. म्हणून माझी विनंती आहे की संग्रह खुला करताना हा लाल शेरा पाळला जावा. त्या कुटुंबांना आधी शोधावं, विचारावं, त्यांची संमती असेल तेवढंच दाखवावं. नाही म्हणाले तर टेप सांभाळावी आणि बंदच ठेवावी.

ही जबाबदारी तुमच्यावर का, वाहिन्यांवर का नाही, असं कुणी विचारेल. १९५४ च्या कायद्यानं छापलेल्या पुस्तकाची आणि पुढे १९५६ पासून वृत्तपत्रांचीही प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यामुळे जुनं वर्तमानपत्र कुठं ना कुठं सापडतं. टीव्हीला असं काही नाही. वाहिन्यांनी प्रसारित केलेलं नव्वद दिवस जपून ठेवावं एवढाच दंडक आहे. जे प्रसारितच झालं नाही त्याला कुणी वाली नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट जपतंय, तिथं लातूरच्या स्ट्रिंगरच्या मिनी डीव्ही टेपांचा क्रम केव्हा लागणार? प्रदेशाची आठवण प्रदेशातल्या विद्यापीठानं जपावी, हे मला सरळ वाटतं.

आणि आपल्या भागात याला आधार आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, आणि शेतात सापडणारे मणी, मूर्ती, खापरं जमवली. एका गावकऱ्याची ती ओढ होती. आज तिथं शासनाचं संग्रहालय आहे आणि त्याला त्यांचंच नाव आहे. सातवाहनांच्या काळातल्या तेरबद्दल आपल्याला जे पाहता येतं त्यातलं पुष्कळ त्या एका माणसामुळे. अण्णांनी जमवलं ते आपल्या काळातलं आहे, इतकाच फरक.

कामाचं स्वरूपही सांगते, म्हणजे ते अवाढव्य वाटणार नाही. मिनी डीव्हीची तासाभराची टेप संगणकावर घ्यायला तासच लागतो, ती घाईनं होत नाही. तासाला सुमारे तेरा जीबी जागा लागते, म्हणजे शंभर टेपा दीड टेराबाइटच्या आत बसतात. साठवण आता स्वस्त आहे. अडचण आहे ती यंत्रांची. व्हीएचएस, बीटाकॅम, मिनी डीव्ही, यातल्या कशाचेही प्लेअर आता नवे बनत नाहीत, जुने मिळाले तर त्यांचे टेप वाचणारे हेड झिजलेले असतात आणि दुरुस्त करणारे कारागीर म्हातारे होत चाललेत. टेपेवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्यानं धरलेला असतो ते ओल शोषतं, टेप चिकटते, हेडवर राळ बसते. बुरशी आलेली टेप तशीच लावली तर ती टेप जाते आणि मशीनही जातं. मिनी डीव्हीवर चित्राचे चौकोन तुटायला लागले की समजायचं उशीर होतोय. अण्णांच्या काही टेपांवर ते दिसू लागलेत. टेप चालवायचा त्यांचा एक डेक आणि पीडी-१७० अजून चालू आहे.

खरं तर टेपांनंतरच्या काळाची मला जास्त काळजी वाटते. कार्डावर शूटिंग सुरू झालं आणि मूळ ठेवायची अण्णांची पद्धत मोडली. कार्ड महाग, दुसऱ्या दिवशी तेच वापरायचं, म्हणून रात्री हार्ड डिस्कवर उतरवायचं आणि कार्ड फॉरमॅट करायचं. त्यातल्या दोन डिस्क आता उघडत नाहीत. तुमच्या संगणकशास्त्र विभागातल्या कुणी त्यांना हात लावून पाहिला तर कदाचित काही हाती लागेल.

माणसं तुमच्याकडे आहेत. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना टेपा उतरवायचं, इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मुलाखती ऐकून लिहून काढायचं, मराठीच्या विद्यार्थ्यांना लोककलांच्या नोंदी करायचं काम प्रकल्प म्हणून देता येईल. एक प्रशिक्षित अभिलेखपाल लागेल, एक वातानुकूलित कोरडी खोली लागेल, आणि प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या शहरात. दोन विद्यापीठं आहेत, त्यामुळे दुसरं शहर शोधायला लांब जायला नको. जे फुटेज वाहिन्यांकडे गेलं त्याच्या हक्काचा प्रश्न विधी विभागानं तपासावा लागेल. बाकीचं सारं अण्णांचं स्वतःचं, स्वतःच्या पैशानं केलेलं आहे, आणि कुटुंब ते विनामोबदला द्यायला तयार आहे. त्यांची एकच अट आहे. संग्रहाच्या यादीत आणि जिथं कुठं हे चित्रण दाखवलं जाईल तिथं, छायाचित्रकार म्हणून त्यांचं पूर्ण नाव असावं. इतकी वर्षं बातमीखाली नाव आलं ते आम्हा बातमीदारांचं. ते गेले त्या दिवशी, ज्या पडद्यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं त्यावर एक ओळसुद्धा सरकली नाही. ही अट मला अगदी रास्त वाटते.

अण्णांनी तयार केलेली पोरं आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कॅमेरा धरतायत. हॅलोजन धरायला आलेला एक मुलगा मोठ्या वाहिनीत आहे. पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स कसा घ्यायचा इथपासून ते म्हाताऱ्या माणसासमोर कॅमेरा खांद्यावरून खाली घेऊन आधी जमिनीवर बसायचं इथपर्यंत, त्यांनी सगळं हातचं न राखता दिलं. या मुलांशी मी बोलले आहे. आपापल्या घरी पडलेल्या टेपा तेही द्यायला तयार आहेत, जागा आणि जबाबदार माणूस तेवढा हवा. बीड, हिंगोली, जालन्यातल्या माझ्या कॅमेरामन मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असाल तर कृपा करून टेपा भंगारात देऊ नका, वर काही टेप करू नका, आणि वहीत लिहायला आजच बसा. तुमच्याशिवाय ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

दोन्ही विद्यापीठांनी मिळून एक छोटी समिती नेमावी आणि तिनं येत्या उन्हाळ्याच्या आत लातूरला येऊन कपाटं पाहावीत, एवढं आधी व्हावं. ठराव, निधी, सामंजस्य करार हे मागाहून होत राहील. समिती यायला वेळ लागणार असेल तर निदान टेपा तात्पुरत्या तुमच्या ग्रंथालयाच्या थंड खोलीत ठेवण्याची परवानगी द्यावी. टेपा क्रमानं खोक्यांत भरून, वह्यांच्या झेरॉक्स काढून, टेम्पो करून आम्ही आणून देऊ. भाडं आमच्याकडे. वहिनींना अण्णांचं अक्षर आणि त्यांच्या खुणा वाचता येतात, सुरुवातीचे काही दिवस यादी लावायला त्या स्वतः यायला तयार आहेत.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
अण्णांसोबत काम केलेली एक बातमीदार
लातूर